सतरा नंबर, निळी पाठ

ज्या घरात चहाच्या पुड्यांतून निघालेली हजारो चित्रं जपून ठेवलेली आहेत त्या घरात चहा मिळत नाही, हे मला तिथे पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कळलं. ऑफिसच्या कामासाठी तीन महिने मँचेस्टरला जायचं होतं, आणि अर्ध्या तासावर बोल्टनला सख्खे मामा असताना हॉटेलात उतरलो असतो तर आईने पुन्हा घरात घेतलं नसतं. पहाटे पोचलो. बाहेर तो तिकडचा पाऊस, पडतोय म्हणावं तर दिसत नाही आणि नाही म्हणावं तर डोकं ओलं. हातपाय धुतले आणि भाच्याच्या हक्काने म्हणालो, "मामी, आधी फक्कड चहा टाका."

मामींनी मामांकडे पाहिलं. मामांनी खिडकीकडे पाहिलं.

"कॉफी घे की," मामा म्हणाले. "चहा आमच्यात चालत नाही."

"आमच्यात चालत नाही" हे आमच्या सोलापूरकडे मटणाबद्दल म्हणतात. चहाबद्दल म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मामा अंघोळीला गेल्यावर मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, मेथीदाण्याच्या बरणीमागून एक डबी काढली, आणि पातेल्यात पाणी ठेवता ठेवता सगळी कथा सांगितली. मामांना चहा कधीच आवडत नव्हता. १९६६ ते १९९९ अशी तेहतीस वर्षं ते चहा प्यायले ते काढ्यासारखा, फक्त नाक धरायचं बाकी ठेवून. १९९९ साली ब्रुक बाँड कंपनीने तिकडच्या पुड्यांत चित्रं घालणं कायमचं थांबवलं. त्या दिवशी मामांनी आपला कप विसळून पालथा घातला, तो अजून पालथाच आहे.

"पटकन पी," मामी म्हणाल्या. "पाणी बंद झाल्याचा आवाज आला."

मामा मूळचे सोलापूरचे. मुंबईला व्हीजेटीआयमधून टेक्स्टाइलचा डिप्लोमा केला आणि १९६६ च्या ऑक्टोबरात लँकेशायरमधल्या बोल्टनला एका सूतगिरणीत लागले. सोलापूरच्या माणसाने बोल्टनला जाणं म्हणजे एका गिरणगावातून उठून दुसऱ्यात बसणं. चिमण्या त्याच, भोंगा तोच, फक्त हुरडा नाही. पहिल्या आठवड्यात घरमालकिणीला बरं वाटावं म्हणून मामांनी चहाचा पाव पौंडाचा पुडा आणला. आपल्या हिशेबाने एकशे तेरा ग्रॅम. फोडला, तर आतून एक चित्र निघालं. जाड कागदाचं, पावणेतीन इंचाला थोडं कमी लांब, दीड इंच रुंद. पुढच्या बाजूला रंगीत झाड. पाठीवर निळ्या शाईत मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत माहिती, आणि एक नंबर. मालिकेचं नाव 'ब्रिटनमधले वृक्ष', एकूण चित्रं ५०.

लहानपणी मामांनी काडेपेटीचे छाप जमवले होते. त्या छापांना नंबर नसायचे. किती जमले म्हणजे संपले हे कुणालाच ठाऊक नसायचं. इथे मात्र कंपनीने स्वतःच सांगून टाकलं होतं की पन्नास. मामांच्या स्वभावात जो काही घोळ पुढे झाला तो या एका आकड्याने झाला असं माझं मत आहे.

ही चाल मुळात चहावाल्यांची नव्हे, सिगारेटवाल्यांची. एकोणिसाव्या शतकात सिगारेटची पाकिटं लिबलिबीत कागदाची असत, आतली सिगारेट मोडू नये म्हणून एक पुठ्ठा घालत, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की पुठ्ठा कोरा कशाला ठेवायचा. मग नट्या, सैनिक, खेळाडू आले. बाप सिगारेट ओढायचा आणि पोरगं चित्रासाठी त्याला आणखी ओढायला लावायचं. १९४० साली युद्धामुळे कागदाची टंचाई झाली आणि ब्रिटनमधली ती चित्रं थांबली. चहाचं रेशनिंग १९५२ च्या ऑक्टोबरापर्यंत चाललं. ते उठल्यावर दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, ब्रुक बाँडने पुड्यात वीस पक्षी घातले, आणि पुढची पंचेचाळीस वर्षं रानफुलं, मासे, फुलपाखरं, झेंडे, मोटारी, जहाजं, अंतराळयानं असं सगळं जग पाव-पाव पौंडाने लोकांच्या घरी गेलं. पक्षीप्राणी काढायला टनिक्लिफसारखा चित्रकार, रॉयल अकॅडमीचा मानकरी. त्याच्या हातचा पक्षी चहाच्या भुकटीत लोळत यायचा आणि पोरं तो अल्बममध्ये चिकटवायची. अल्बमची किंमत सहा पेन्स.

सिगारेटच्या वेळी बाप बिघडला, चहाच्या वेळी अख्खं घर. मामांच्या घरात तर मामा एकटेच होते.

आता त्यांचा हिशेब ऐका. हा हिशेब त्यांनी गिरणीतल्या आलेखाच्या कागदावर मांडलेला आहे, आणि तो कागद मला पहिल्याच रविवारी दाखवण्यात आला. पन्नास चित्रं, एका पुड्यात एक, कुठलं निघेल ते दैवाधीन. सुरुवात झोकात होते. पहिली २५ चित्रं साधारण ३५ पुड्यांत येतात. मग जुनीच तोंडं पुन्हा पुन्हा दिसायला लागतात. सगळी पन्नास जमायला सरासरी २२५ पुडे फोडावे लागतात, म्हणजे साडेपंचवीस किलो चहा. त्यातलं शेवटचं एकटं चित्र सरासरी पन्नास पुडे खातं. एकटा माणूस आठवड्याला एक पुडा संपवणार, तर सव्वाचार वर्षं लागणार. आणि मालिका तेवढी थांबत नाही. झाडं जाऊन झेंडे येतात, झेंडे जाऊन मोटारी.

"म्हणजे एकट्याने होणारं काम न्हवंच हे," मामा आलेखावर बोट ठेवून म्हणाले. "चहावाल्यांनी माणसाला माणसाशी बोलायला लावलं बघ."

हे मात्र खरं होतं. तिकडचा माणूस हवेबद्दल बोलून झालं की तोंड मिटतो. मामांचे शेजारी दोन महिने नुसती मान हलवत होते. पण मामा दुबार चित्रांची गड्डी घेऊन कुंपणापाशी उभे राहिले आणि शेजारी आपल्या पोराची गड्डी घेऊन आला. गिरणीच्या कँटीनमध्ये दुपारच्या सुट्टीत गड्ड्या निघायच्या. समोरच्याने आपली चित्रं एकेक करून पत्त्यांसारखी सरकवायची आणि आपण म्हणायचं, "गॉट, गॉट, गॉट, नीड!" हे मामांचं पहिलं अस्खलित इंग्रजी. ते त्यांच्या जिभेवर इतकं बसलं की १९७० मध्ये लग्नासाठी सोलापूरला आले तेव्हा मामांच्या आत्याने मुलींचे फोटो एकामागून एक पुढे ठेवले, आणि मामा पुटपुटत होते. आत्याला वाटलं, रामरक्षा म्हणतोय. सांगलीच्या फोटोला ते "नीड" म्हणाले. मामींना याचा अर्थ बोल्टनला पोचल्यावर कळला, आणि त्यांनी तो आनंदाने घ्यायचा की रागाने हे अजून ठरवलेलं नाही.

मामी लग्न होऊन तिथे गेल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. आत पुठ्ठ्याच्या खोक्यांत सुटा चहा. "मला वाटलं, एजन्सी घेतलीय यांनी," मामी सांगतात. पुडे फोडून चित्रं काढलेली आणि चहा तसाच. पुढची कित्येक वर्षं मामींनी तो चहा मार्गी लावला. आल्यागेल्याला पाजला, गुलाबांना घातला, विटक्या साडीच्या फॉलला त्याचा रंग दिला. बोल्टनमधल्या मराठी घरांत "त्यांच्याकडे गेलं की तीन कप" असं बोललं जायचं. दुसरा कप नाही म्हटलं तर मामींच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि लोकांना वाटायचं काय हा जिव्हाळा.

मामांना तुम्ही झाडाबद्दल, पक्ष्याबद्दल काही विचारा, ते आधी मालिका सांगतात, मग नंबर, आणि नाव अगदी शेवटी, तेही आठवलं तर. आम्ही बागेत फिरायला जायचो. मी म्हणायचो, "मामा, ते कुठलं झाड?" मामा थांबायचे, डोळे बारीक करायचे, नंबर सांगायचे आणि चालू लागायचे. ऑक्टोबरात बोल्टनला आल्यामुळे त्यांनी झाडं शिकली तीही गमतीने. बाहेर सगळी झाडं खराट्यासारखी उभी, आणि हातातल्या चित्रात मात्र तीच झाडं हिरवीगार. एप्रिल उजाडून पालवी फुटली तेव्हा मामांना म्हणे वाटलं, झाडांनी चित्रांवरून नक्कल केली. एकदा ते सोलापूरला आले असताना चुलतभावाने त्यांना नान्नजला नेलं. तिथे १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे, आणि आता माळढोक दिसणं म्हणजे पूर्वजन्मीचं पुण्य. त्या दिवशी पुण्य फळलं. एवढा थोरला पक्षी, माळावर राजासारखा चालत गेला. चुलतभाऊ गहिवरला. मामांनी दुर्बीण खाली केली आणि विचारलं, "कुठल्या सेटमधला?"

मामा पक्के शाकाहारी. अंड्याचा केक असेल तर समोर आलेली प्लेटसुद्धा बदलून घेतात. आणि या माणसाकडे गॅरेजमध्ये, कुलपात, लीबिगच्या चित्रांचे चार अल्बम आहेत. लीबिग म्हणजे गोमांसाचा अर्क विकणारी कंपनी. दक्षिण अमेरिकेत उरुग्वेमध्ये फ्राय बेंटोस नावाच्या गावी तिचा कारखाना होता. तीस किलो मांस आटवून एक किलो अर्क निघायचा. त्या बरणीबरोबर युरोपात १८७० च्या दशकापासून १९७५ पर्यंत ही चित्रं देत. आकाराने चहाच्या चित्रांहून मोठी, बहुतेक सहा-सहाचे सेट, दगडावर छापलेली. रंग असे, की मामा त्यांच्यापुढे चिमटासुद्धा श्वास रोखून धरतात. परीकथा, ऑपेरा, राजे, लढाया, काय वाटेल ते आहे त्यांत.

"मामा, हे तुम्हाला चालतं?" मी विचारलं.

मामांनी माझ्याकडे, माहेरच्या माणसाने परक्यासारखं बोलल्यावर बघतात तसं पाहिलं. "१९६८ साली ब्रुक बाँडनं लीबिगशी सोयरीक केली. ब्रुक बाँड लीबिग असं नाव लावायला लागले. आता व्याही म्हटल्यावर तोडता येतंय व्हय? त्यांच्यात खातात. आपण जेवायला बसायचं नाही, नातं ठेवायचं."

या व्याह्यांना मामींनी घरात घेतलं नाही. देव्हाऱ्याच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत तर नाहीच. म्हणून गॅरेज. पण मामींना ठाऊक नसलेली एक गोष्ट मामांनी मला शपथेवर सांगितली, आणि ती मी इथे छापतोय कारण मामी हे मासिक मागवत नाहीत. लीबिगची बरणी तर मामा विकत घेणार नव्हते. मग चित्रं आली कुठून? गिरणीत एक इटालियन जॉबर होता, त्याच्याकडे वाडवडिलांपासूनची लीबिगची गड्डी होती आणि त्याला मामींच्या हातचं लिंबाचं लोणचं आवडायचं. एका बरणीला सहा चित्रं असा भाव ठरला होता. मामी दर उन्हाळ्यात लोणचं घालायच्या आणि म्हणायच्या, यंदाही कसं संपलं कळलं नाही.

आता दुःखाचा अध्याय. पहिल्या वर्षापासून मामांनी चित्रं अल्बमात चिकटवली. दोष कुणाचाच नाही. अल्बम असतो कशासाठी? चौकटी आखलेल्या, प्रत्येक चौकटीशी माहिती छापलेली. पण मामा पडले टेक्स्टाइलवाले. सुताला खळ देण्यात ज्याचा जन्म गेला त्याने दुकानातला गोंद का आणावा? त्यांनी मैद्याची खळ शिजवली, मोरचूद घालून, किडा लागू नये अशी. आणि बोटाने न लावता कुंचल्याने, कडेपर्यंत, एकसारखी. जवळजवळ पाचशे चित्रं अशी कायमची घरी बसवली. मग १९८० च्या सुमाराला एका प्रदर्शनात त्यांना समजलं की जाणती मंडळी चिकटवलेल्या चित्राला किंमत देत नाहीत. सुटं हवं, पाठ स्वच्छ हवी. ज्या पोरांनी अल्बम आणलाच नाही, चित्रं चपलांच्या खोक्यात टाकून दिली, ती पोरं जिंकली.

"सांगितल्याप्रमाणं केलं म्हणून बुडालो बघ," मामा म्हणाले. एवढं बोलून ते उठून गेले आणि पाच मिनिटांनी किटली घेऊन आले. सोडवलं कसं याचं प्रात्यक्षिक मला दाखवायचं होतं. किटलीला उकळी आणायची, तोंडातून निघणाऱ्या वाफेवर अल्बमचं पान धरायचं, तीन बोटं अंतर ठेवून, आणि चित्राची एक कड फुगली की नखाने नव्हे, हाडाच्या पट्टीने सारायची. घाई केली तर पाठीवरचा नंबर पानालाच राहतो. सुटलेलं चित्र पोह्याच्या पापडासारखं वळतं. ते टिपकागदात घालून वजनाखाली ठेवायचं. वजन म्हणून मामांकडे दर वर्षी सोलापूरहून येणारी दाते पंचांगं होती, कित्येक वर्षांची चळत. "शके एकोणीसशे दोनमध्ये घातली ती शके एकोणीसशे चारला सरळ झाली," मामा म्हणाले. त्या दोन वर्षांत त्या घरात मुहूर्त बघायची सोय नव्हती. पंचांग काढलं की एखादा मासा वळायचा.

चहा पिण्यासाठी नाही, पण चित्रं सोडवण्यासाठी ती किटली अजून त्या घरात पहिल्या मानाची आहे.

आणि आता सतरा नंबर. पहिल्यावहिल्या झाडांच्या मालिकेतली एकोणपन्नास चित्रं मामांकडे आहेत. सतरा नाही. १९६७ मध्ये मालिका बदलली तेव्हा नव्हतं, आजही नाही. त्या नंबरवर कुठलं झाड आहे हे मामा सांगत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, "हे" म्हणत, तसं मामा त्याला "सतरा" म्हणतात. मी अल्बममध्ये डोकावून नाव वाचायला गेलो, तर त्यांनी पानावर हात ठेवला.

खरा पेच असा की सतरा नंबर त्यांच्याकडे आहे. तीन आहेत. १९७३ च्या सुमाराला कंपनीने काही जुन्या मालिका पुन्हा काढल्या. चित्र तेच, माहिती तीच, पण पाठीवर निळ्याऐवजी काळी शाई. आणि दैवाचा खेळ असा की तिसऱ्याच पुड्यात सतरा. पुढच्या महिन्यात पुन्हा सतरा. मग आणखी एकदा. तिन्ही काळ्या पाठीचे.

"पुढून झाड तेच आहे हो," मामी म्हणतात. त्या हे चाळीस वर्षं म्हणताहेत.

"पुढून सगळं सारखंच असतंय," मामा म्हणतात. तेही चाळीस वर्षं.

सोपा उपाय तुमच्या मनात आला असेल, तो माझ्याही आला. ही चित्रं कोट्यवधींनी छापली गेली. आज झाडांचा अख्खा सेट सिनेमाच्या एका तिकिटाहून स्वस्त मिळतो. पैसे टाकायचे, आणायचा. पण मामांचा नियम आहे: चित्र एक तर पुड्यातून यावं, नाही तर बदलीत. पैशाने नाही. कंपनीसुद्धा त्या काळी राहिलेले नंबर पैसे घेऊन पोस्टाने पाठवत असे. मामांनी ते फॉर्म कधी भरले नाहीत. पैसे देऊन पास होण्याला जे म्हणतात तेच ते या गोष्टीला म्हणतात.

जायच्या आधीच्या शनिवारी आम्ही एका चर्चच्या हॉलमध्ये कार्डांचा बाजार भरतो तिथे गेलो. लांब टेबलं, त्यांवर बुटांची खोकी, खोक्यांत नंबरवार उभी केलेली सुटी चित्रं, आणि त्यांच्यावर वाकलेली साठीच्या पुढची मंडळी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मामांनी खिशातून गिरणीतलं घडीचं भिंग काढलं, कापडाच्या इंचातले धागे मोजायचं, आणि ते कोपरे तपासू लागले. मामांच्या मते माणसाचं वय मानेवर आणि चित्राचं कोपऱ्यावर दिसतं. मी दुसऱ्या टोकाला होतो. एका खोक्यात 'झाडं' अशी चिठ्ठी दिसली. सोळा, सतरा, अठरा. सतरा उपसून उलटं केलं. निळी पाठ. चारही कोपरे टोकदार. किंमत दहा पेन्स.

मी मामांना हाक मारली. ते आले. त्यांनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग कनवटीच्या गड्डीतून दोन चित्रं काढून दुकानदारापुढे ठेवली. तो भला माणूस होता. म्हणाला, बदली वगैरे मी करत नाही साहेब, दहा पेन्स द्या. मामा म्हणाले, दोन घ्या, तीन घ्या, पण बदली. त्याने मामांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्या मनाने हात हलवला, "असंच घेऊन जा. फुकट."

मला वाटलं, सुटलो. मामांचा चेहरा मात्र कुणी पंगतीतून उठवल्यासारखा झाला. त्यांनी सतरा नंबर खोक्यात सोळा आणि अठराच्या मधे नीट घातला, आभार मानले आणि बाहेर पडले.

"मामा, अहो ती चित्रं मुळात फुकटच मिळायची!"

"फुकट?" मामा रस्त्यात थांबले. "साडेपंचवीस किलो चहा पिऊन मिळायची. हे फुकट म्हणजे भीक झाली."

परतताना मँचेस्टरला मार्केट स्ट्रीटवर उतरलो. आर्थर ब्रुकने १८६९ मध्ये तिथेच तेवीस नंबरात चहाचं पहिलं दुकान टाकलं. आता सगळी कपड्यांची, बुटांची दुकानं. मामांनी टोपी काढून हातात घेतली. मी विचारलं, "आणि बाँड कोण?" मामा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच खळखळून हसले. बाँड नावाचा कुणी नव्हताच. ब्रुकने गिऱ्हाइकाला दिलेला शब्द म्हणून स्वतःच ते नाव जोडलं. एका माणसाची भागीदारी. "सोलापूरला 'आणि कंपनी' लावतात तसं," मामा म्हणाले. "कंपनीत कोण, तर धाकटी मेहुणी."

निघायच्या आदल्या रात्री माझ्या बॅगेचं वजन झालं. तेवीस किलोपर्यंत परवानगी. मामांनी माझा ओव्हरकोट काढला ("सोलापुरात काय करणार तू त्याचं?") आणि त्या जागी दुबार चित्रांचे गठ्ठे भरले. त्यांच्या जुन्या शाळेत चित्रकलेच्या स्पर्धेत चार बक्षिसं द्यायची होती, प्रत्येकाला झाडांचा एक सेट. दोऱ्याने बांधलेले चार गठ्ठे, प्रत्येकात एकोणपन्नास. वर चिठ्ठी: 'सतरा नंबर नाही'.

"काळ्या पाठीचे जास्तीचे आहेत ना दोन? ते घालू का दोघांत?" मी म्हणालो.

"भोक असू दे," मामा म्हणाले. "मिसळायचं नाही."

आता कबूल करतो. लहानपणी मी बबलगमबरोबरची क्रिकेटपटूंची चित्रं जमवली होती आणि एका खेळाडूसाठी महिनाभर दातांची वाट लावून घेतली होती. पोराला एकोणपन्नास झाडं द्यायची आणि पन्नासावं नाही म्हणून सांगायचं, हे काही माझ्या मनाला पटेना. मामा झोपल्यावर मी अल्बमच्या मागच्या खिशातून काळ्या पाठीचा एक सतरा काढला, पहिल्या बक्षिसाच्या गठ्ठ्यात सोळा आणि अठराच्या मधे घातला आणि चिठ्ठी फाडून टाकली. पुढून झाड तेच होतं. सोलापुरात कोण पाठ बघणार?

जानेवारीत बक्षीस समारंभ झाला. फेब्रुवारीत चित्रकलेच्या सरांचा फोन आला. म्हणाले, ते चित्रांचं बक्षीस मिळालेला मुलगा चार दिवस माझ्या मागे लागलाय. म्हणतो, एकोणपन्नास चित्रांची पाठ निळी आहे आणि एकाचीच काळी, म्हणजे ते यातलं नव्हे, कुणाचं तरी दुसऱ्याचं आलंय, ते परत द्या आणि माझं आणून द्या. छपाईतली चूक असेल म्हणून सांगितलं तर ऐकत नाही. तुम्ही जरा विचाराल का तिकडे?

मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी बोल्टनला फोन लावला, आधी मामींची तब्येत विचारली, मग हवेबद्दल बोललो, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. गठ्ठा, चिठ्ठी, काळी पाठ, मुलगा.

पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मागे मामी "काय झालं, काय झालं" विचारत होत्या. मग मामांनी घसा साफ केला.

"कितवीत आहे?"